नागपुरात सिद्ध झालेली गोळी आमच्या गावात का मिळत नाही?

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

यंदा १९ जूनला, जागतिक सिकलसेल दिनाच्या, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या या रक्ताच्या आजाराच्या कार्यक्रमाला, तुम्ही आमच्या तालुक्याला आला होता. मी मंडपात तिसऱ्या रांगेत होते. अंगणवाडीच्या आम्हा बायांना गर्दी दिसावी म्हणून बोलावलं होतं, पण मी माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला मुद्दाम सोबत घेतलं. कार्यक्रम तिच्याच आजाराचा होता. तुम्ही माइकवर सांगितलं की पोळ्याच्या आत प्रत्येक पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, या आजारावरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी मिळेल, एकाही रुग्णाला त्यासाठी जिल्ह्याला जावं लागणार नाही. मी टाळ्या वाजवल्या. लेकीनेही वाजवल्या.

पोळा गेला. दसराही गेला. कोजागिरीच्या रात्री अंगणात दूध आटत होतं आणि पोरगी आत कण्हायला लागली. आधी गुडघे, मग कंबर, मग छाती. "माय, हाडं फुटून राहिली माझी," एवढंच ती म्हणत होती. रात्री दीडला गाडी केली, गाडीवाल्याने १,८०० रुपये घेतले. दवाखान्यात सलाइन लागलं, इंजेक्शन दिलं, आणि तिथल्या तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, "परीक्षा आहे का हिची? नाटक तर करत नाही ना?" साहेब, ज्या पोरीने ओठ चावून रक्त काढलं होतं, तिच्याबद्दल हे विचारलं.

हे दुखणं का उठलं ते मला माहीत आहे, कारण माझ्याकडे वही आहे. जूनपासून मी सहा वेळा पीएचसीत गेले. पाच वेळा "स्टॉक नाही", एकदा औषध देणारा माणूसच रजेवर. आमचं दोन एकर धान, तेही पावसाच्या भरवशावर. रोवण्याच्या दिवसांत घरात पैसा नसतो, तरी दोनदा जिल्ह्यातून विकत आणली. तिसऱ्यांदा जमलं नाही. पाच आठवडे पोरगी गोळीविना राहिली आणि कोजागिरीला पडली.

मेडिकलवाला गोळी देताना म्हणाला होता, "बाई, हे कॅन्सरचं औषध आहे, पोरीले काऊन देता?" त्याचं खोटं नव्हतं. ही गोळी आधी कॅन्सरसाठीच वापरत. सिकलसेलमध्ये ती काय करते हे मला मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरीणबाईंनी बाकावर बसवून समजावलं. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर ते कमी होत जातं. ही गोळी ते पुन्हा वाढवते, मग रक्तपेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत आणि नसांत अडकत नाहीत. पण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. गोळी आणि तपासणी, दोन्ही लागतात. आमच्याकडे दोन्ही नाही.

त्याच दिवशी बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेत २९९ मोठ्या माणसांवर या गोळीची चाचणी झाली. फायदा इतका उघड दिसला की १९९५ मध्ये ती मुदतीआधीच थांबवली. पण आपल्याकडचा सिकलसेल थोडा वेगळा आहे, आपल्या लेकरांच्या रक्तात ते बाळपणीचं हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं. मग आपल्याला ही गोळी लागू पडेल का, किती द्यायची, हे कोण सांगणार? ते नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी शोधलं. खूप त्रास असलेली ६० मुलं घेतली. ३० जणांना किलोमागे १० मिलिग्रॅम औषध, ३० जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. दीड वर्ष हे चाललं. औषधवाल्या मुलांना आधी वर्षाला सरासरी बारा वेळा दुखणं यायचं, ते एकाच्याही खाली आलं. हे २०१२ मध्ये छापून आलं.

मी त्या दुसऱ्या ३० मुलांचा विचार करते. त्यांच्या आयांनी कागदावर सही किंवा अंगठा दिला असेल. माझ्या लेकराला कदाचित रिकामी गोळी मिळेल, हे ऐकून दिला असेल. ती लेकरं दीड वर्ष दुखण्याने तळमळली, तेव्हा कळलं की गोळी खरंच काम करते. आमच्याच विदर्भातल्या लेकरांनी हे ज्ञान अंगावर काढून मिळवून दिलंय, साहेब. आणि ते नागपूरहून आमच्या पीएचसीत पोचायला अजून किती वर्षं लागणार?

माझा मोठा मुलगा २०१० च्या पावसाळ्यात गेला. अडीच वर्षांचा होता. हातापायांचे पंजे सुजायचे, ताप यायचा, रडून रडून निळा पडायचा. कागदावर निमोनिया लिहिलं. लेकीची शाळेत तपासणी झाली, आधी साधी, मग हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी इलेक्ट्रोफोरेसिस, आणि एसएस पॅटर्न निघाला, म्हणजे सिकलसेलचा आजार. आम्ही दोघं नवराबायको एएस निघालो, म्हणजे आजार नाही पण लेकरांना देऊ शकणारे वाहक. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलालाही बहुतेक हेच असावं. १९८६ मध्ये अमेरिकेत सिकलसेल असलेल्या लहान लेकरांना रोज दोनदा पेनिसिलिन देऊन पाहिलं होतं, २१५ लेकरांवर, आणि जीवघेणा जंतुसंसर्ग ८४ टक्के कमी झाला. तीही चाचणी लवकर थांबवली होती. पेनिसिलिनने माझा मुलगा वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण त्याच्या जन्माच्या आधी वीस वर्षांहून जास्त काळ हे कुणाला तरी माहीत होतं, आणि त्याचं रक्त एकदाही कुणी तपासलं नाही. त्याच्या मरणाची नोंद तुमच्या सिकलसेलच्या कोणत्याच आकड्यात नाही.

काही वर्षांपूर्वी गावात अभ्यासवाली मंडळी आली होती. पंचायतीत बसून नळ्या भरून आमचं रक्त नेलं. दोन पानांच्या फॉर्मवर सह्या घेतल्या. मीच घरोघरी फिरून बायांना समजावून आणलं होतं, की द्या, आपल्याच लेकरांच्या कामी येईल. अहवाल देऊ म्हणाले. आजवर आला नाही. आता बाया मलाच विचारतात, "ताई, त्या रक्ताचं काय झालं वो?" मी काय सांगू? औषधावर संशोधन करणाऱ्यांसाठी देशात २०१९ चे नियम आहेत, लोकांना निष्कर्ष कळवावे असं मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय, असं बाईंनीच सांगितलं. मग ते आमच्या गावाला लागू नाहीत का?

आणि कुणी म्हणू नये की खेड्यात हे जमतच नाही. याच मुलखात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. ३९ गावांत हे काम, ४७ गावांशी तुलना. तिसऱ्या वर्षापर्यंत बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या नामांकित मासिकात छापलं आणि पुढे देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. ते संशोधन गावातच राहिलं, गावालाच परत मिळालं. मग आमच्या रक्ताचं का मिळत नाही?

मंचावर तुम्ही जनुक दुरुस्तीबद्दलही बोललात. तसला उपचार अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने अठरा कोटींच्या वर. जरूर आणा तो भारतात. पण काही रुपयांची गोळी ज्यांना महिनाभर सलग देता येत नाही, त्यांनी माझ्या पोरीला अठरा कोटींचं स्वप्न दाखवू नये.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासणीचा आकडा दर महिन्याला वर जातो, त्यासाठी आम्हीच रांगा लावतो. किती जणांना सलग सहा महिने गोळी मिळाली, हा आकडा मला आजवर एकाही बैठकीत ऐकू आला नाही. तपासून कार्ड हातात द्यायचं, लग्न जपून करा म्हणून सांगायचं आणि पुढच्या गावी जायचं, याला तुम्ही उपचार म्हणता? लोक आता पोरींचं कार्ड लपवतात. माझ्या पोरीला तर लपवायचंही नाही, ती म्हणते, मला नर्स व्हायचंय. २०४७ ला ती छत्तीस वर्षांची असेल. तोवर ती असावी, एवढंच मला पाहिजे.

मागणं फार नाही. पीएचसीत तीन महिन्यांचा साठा कायम ठेवा, आणि तो संपायच्या आधी कुणाला तरी जाब द्यावा लागेल असं करा. आमच्या बाजाराच्या दिवशी रक्ततपासणी होऊ द्या, म्हणजे मजुरी न बुडवता येता येईल. दुखण्याने कळवळणाऱ्या लेकराला नाटकी म्हणू नका, असं तुमच्या डॉक्टरांना लेखी कळवा. आणि आमच्या गावाचं रक्त नेलं त्याचा अहवाल मराठीत आणून ग्रामसभेत वाचून दाखवा.

उसनवारी करून आणलेल्या पाकिटात आज नऊ गोळ्या उरल्या आहेत. पुढच्या सोमवारी मी पुन्हा पीएचसीत जाईन आणि खिडकीपाशी काय सांगतील ते वहीत लिहीन.

आपली,
एका सिकलसेलग्रस्त मुलीची आई
झाडीपट्टी, पूर्व विदर्भ