बागेतल्या नेपाळी बाळांकडेही आशाताई जाऊ देत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडून आंब्याची कलमं मोहोरायला लागली की देवगड-रत्नागिरीकडे नेपाळी कुटुंबं राखणीला, फवारणीला येतात हे काही नवीन नाही, पण त्यांच्यासोबत येणाऱ्या तान्ह्या पोरांबद्दल कोणी बोलतच नाही म्हणून हे पत्र.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई ४२ दिवसांत ६ वेळा घरी येतात, घरी झालं तर ७ वेळा, आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्याला परत. योजना खरंच चांगली आहे. पण त्या जाणार गावच्या रजिस्टरला नाव असेल तिथेच ना! बाळ जन्मलं नेपाळात, दोन-तीन महिन्यांचं होऊन कातळावरच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात आलं, ते कोणाच्या यादीत? कोणाच्याच नाही.

गेल्या सीझनला शेजारच्या बागेत मी आशाताईंना सोबत घेऊन गेले. त्यांनी झोळीचा काटा कलमाच्या फांदीला अडकवून बाळाचं वजन केलं, मग आत डोकावल्या तर बाळाला निजवतात त्याच कोपऱ्यात फवारणीच्या औषधाचे डबे, ते आधी बाहेर काढायला लावले. आई जेमतेम विशीची, हिंदी तोडकीमोडकी, अंगावर पाजताना काय त्रास होतोय हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. दवाखान्यात बसून यातलं काय कळलं असतं?

इस्रायलमध्ये १९६९ साली बाहेरून आलेल्या कुटुंबांसाठी, आईबापांना आपल्या लहान मुलांना घरीच शिकवायला मदत करणारा हिप्पी (HIPPY) नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात घरोघरी जाणाऱ्या बायका त्याच वस्तीतल्या आया असतात. आपल्याकडेही वर्षानुवर्षं येणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या नेपाळी ताई आहेत की, त्यांना मानधन देऊन आशाताईंसोबत पाठवा. आशाताईंनाही पंधरा महिन्यांपर्यंतच्या त्या पाच भेटींचे मिळून २५० रुपये मिळतात, त्यात गावाबाहेरच्या बागेत जायचं म्हणजे पेट्रोलही सुटत नाही, तो खर्च वेगळा द्यायलाच हवा. आणि आईचं आधार नाही म्हणून अंगणवाडीचा आहार अडवू नका प्लीज, लेकराची भूक कागद बघून लागत नाही.

बागायतदारांनीही कुटुंब आल्याबरोबर आशाताईंना एक फोन करावा, एवढं तरी आपण करू शकतो. यंदा माणसं यायच्या आत आरोग्य खात्याने बागांची यादी मागवावी, आमच्या भागातली गोळा करून द्यायला मी तयार आहे.

एक बागायतदार, ता. देवगड