ऑडिट झाले, दुरुस्तीचे काय?

संपादक महोदय,

मोठ्या इमारतींना ऊर्जा ऑडिट, म्हणजे ऊर्जा कुठे आणि किती खर्च होते याची तपासणी, सक्तीचे करणारे नियम आता जगातल्या अनेक शहरांत आहेत. विरोध करणारे इमारतमालक खर्चाचा मुद्दा काढतात, बाजू घेणारे हवामानबदलाचा. या वादात एक प्रश्न नेहमी मागे पडतो. नियम पाळला गेला असे कधी मानायचे? अहवाल कार्यालयात जमा झाला तेव्हा, की त्यात सापडलेले दोष दूर झाले तेव्हा? माझी सगळी नोकरी इमारतींच्या एसी प्लांटमध्ये झाली. त्या अनुभवावरून मला ठामपणे वाटते की दोष दूर होईपर्यंत नियम पाळला गेला असे मानूच नये.

ऑडिटरला इमारतीत जे सापडते, त्यातले पुष्कळसे दुरुस्त करायला फारसा पैसा लागत नाही. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी रिकाम्या मजल्यांवर एअर हँडलिंग युनिट (गार हवा खेळवणारी यंत्रे) चालू असतात. कधीतरी उशिरापर्यंत बैठक होती म्हणून कोणी वेळापत्रक बाजूला ठेवून यंत्रणा ‘मॅन्युअल’वर टाकलेली असते, ती पुन्हा ‘ऑटो’वर आणायची राहून गेलेली असते. तापमानाचा सेन्सर दोन अंश चुकीचे दाखवतो आणि चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारे यंत्र, त्याच चुकीच्या आकड्यामागे धावत राहतो. बाहेरची हवा आत घेणारा डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) अडकलेला असतो. बंद असलेल्या एखाद्या व्हॉल्व्हमधूनही गार पाणी पुढे झिरपत असते, त्यामुळे एकच हवा आधी थंड होते आणि मग पुन्हा गरम केली जाते. एका जागेसाठी दोनदा वीज जाते आणि तक्रार कोणीच करत नाही, कारण खोलीतले तापमान अगदी योग्य असते. असे दोष बाहेर काढायचे तर मध्यरात्रीचा आणि रविवारचा वीजवापर तपासावा लागतो. फक्त महिन्याचे बिल पाहून ते सापडत नाहीत.

पंपांची गोष्ट तर मला फार खटकते. डिझाइन करताना सुरक्षिततेसाठी पंप मोठा घेतात आणि चालवताना जादा पाणी नको म्हणून व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवतात. बंद चक्रात फिरणाऱ्या पाण्याच्या पंपाला लागणारी वीज साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग 20 टक्क्यांनी कमी केला तर वीज जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडून व्हीएफडीने (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाने) वेग कमी करणे हेच शहाणपणाचे. प्लांट ऑपरेटरला हे ठाऊक असते, पण ते करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो आणि ज्यांच्याकडे असतो ते प्लांटमध्ये फिरकत नाहीत.

या बाबतीत न्यूयॉर्कचा 2009 चा स्थानिक कायदा क्रमांक 87 अभ्यासण्यासारखा आहे. 50,000 चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींना दर दहा वर्षांनी ऊर्जा ऑडिट करावे लागते. त्याच्या जोडीने बसवलेल्या यंत्रणा तपासून, नीट जुळवून पुन्हा मूळ अपेक्षेप्रमाणे चालत्या करणेही त्यात बंधनकारक आहे. वर सांगितलेले सेन्सर, डॅम्पर, वेळापत्रक असे दोष नुसते नोंदवून चालत नाही, ते दूर करून तसा अहवाल द्यावा लागतो. हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. कायद्याची उणीव दुसरीकडे आहे: ऑडिटमध्ये सुचवलेली मोठ्या खर्चाची कामे करायलाच हवीत, असे हा कायदा म्हणत नाही. शिवाय दहा वर्षे हा फार लांबचा काळ आहे. तेवढ्या अवधीत भाडेकरू बदलतात, मजल्यांची मांडणी बदलते, कर्मचारी बदलतात आणि जुळवलेली यंत्रणा पुन्हा बिघडते. सॅन फ्रान्सिस्कोने 2011 मध्ये व्यापारी इमारतींसाठी पाच वर्षांचे चक्र ठरवले, ते मला जास्त योग्य वाटते.

मोठी कामे बंधनकारक नसण्याची उणीव पुढे न्यूयॉर्कनेच वेगळ्या वाटेने भरून काढायला घेतली. 2019 च्या कायदा क्रमांक 97 ने 25,000 चौरस फुटांवरच्या बहुतेक इमारतींच्या कार्बन उत्सर्जनाला 2024 पासून मर्यादा घातली. ती 2030 पासून आणखी कडक होते आणि ओलांडली तर दर टनामागे 268 डॉलरपर्यंत दंड आहे. मर्यादा समोर असली की ऑडिटचा अहवाल मालकाला स्वतःहून वाचावासा वाटतो. नुसत्या सक्तीने हे होत नाही.

‘जुन्या इमारतीत काही करता येत नाही’ हा आक्षेप मात्र मला मान्य नाही. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग 1931 ची; पुढे झालेल्या तिच्या नूतनीकरणात 6,514 खिडक्यांच्या काचा काढून, इमारतीतच कार्यशाळा उभारून त्या उष्णतारोधक बनवल्या आणि पुन्हा बसवल्या. दिवे आणि नियंत्रणांतही सुधारणा झाली. त्यामुळे थंडाव्याची गरज घटली आणि मोठा नवा चिलर प्लांट घेण्याऐवजी असलेल्या चिलरच्याच सुधारणेवर भागले. ऊर्जावापरात 38 टक्के कपातीचे उद्दिष्ट असे कामांचा क्रम लावून ठरले होते. आधी लोड, म्हणजे थंडाव्याची गरज, कमी करायचा, मग यंत्र निवडायचे. ऑडिटमध्ये प्रत्येक उपाय सुटा मांडून ‘परतावा इतक्या वर्षांत’ एवढेच लिहिले तर हा क्रम दिसत नाही. मग मालक आधी चिलर बदलतो, खिडक्यांचा विचार नंतर करतो आणि पुढची वीस वर्षे गरजेपेक्षा मोठे यंत्र कमी लोडवर चालवत बसतो.

भाड्याच्या इमारतींत आणखी एक गाठ असते. सुधारणेचा खर्च मालकाने करायचा आणि बिलातली बचत भाडेकरूच्या खिशात जायची, मग मालक हात का घालेल? क्षेत्रफळावर वीज वाटली जात असेल तर भाडेकरूलाही दिवा बंद करण्याचे कारण उरत नाही. म्हणून मोठ्या भाडेकरूंना सब-मीटर (प्रत्येकाचा वापर वेगळा मोजणारे मीटर) लावणे आणि ऑडिट सक्तीचे करणे ही कामे सोबतच व्हायला हवीत.

जी शहरे असे नियम आखत आहेत, त्यांनी अहवालासोबत दुरुस्तीचा पुरावा मागावा. ऑडिटनंतर वर्षभराची मीटरची आकडेवारी घ्यावी आणि ती इमारतीच्या नावासह जाहीर करावी. ऑडिटर आणि यंत्र विकणारी कंपनी एकच नसावी, हेही नियमात लिहावे. आणि अहवालाची एक प्रत, त्याला समजेल अशा भाषेत, प्लांट ऑपरेटरच्या हाती द्यावी. रात्री बारा वाजता व्हॉल्व्हशेजारी तोच उभा असतो.

आपला,
एक निवृत्त प्लांट इंजिनीअर