दिवाळीआधीच निघू

गंगापूर रोड, नाशिक
१२ जुलै २०२६

प्रिय दिनूस,
सप्रेम नमस्कार.

भाऊबीज उरकून काश्मीरला चिनार बघायला जायचं, हा तुझा बेत मनापासून आवडला, तारीख मात्र पटली नाही. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. भाऊबीजेनंतर पोचलो तर रंग ओसरत आलेला असेल.

झाडाला ऋतू कळतो तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत नाशिकला जेमतेम अडीच तासांचा फरक, श्रीनगरला साडेचार तासांचा. हा हिशोब दरवर्षी तोच, म्हणून चिनार साधारण ऑक्टोबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रंगतो. थंडी-पावसाने चार दिवस मागेपुढे होतं, इतकंच.

दिवस लहान झाले की पान नवं हरितद्रव्य करणं सोडतं. पिवळा रंग आत आधीपासून असतोच, हिरवा गेला की दिसू लागतो. लाल मात्र नव्याने तयार होतो आणि मला सगळ्यात नवल त्याचंच वाटतं. झाड पानातला नत्र नि स्फुरद फांद्यांत ओढून घेत असतं, देठाशी पेशींचा पडदा धरू लागतो, साखर पानातच अडकते आणि तिच्यापासून लाली बनते. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण गोठवणारा नाही, अशी हवा सलग मिळाली की रंग भडक येतो. आभाळ आणि उबदार रात्री असल्या की फिका, तोही उशिरा.

पाण्याच्या ताणाचं तुला मी काय सांगू? सटाण्याला डाळिंबाचा बहार धरताना तुम्ही पाणी तोडता, मग पानगळीसाठी इथ्रेल फवारता आणि पानं पिवळी पडून गळतात. इथ्रेलमधून सुटणारा इथिलीन वायू झाड स्वतःही पानगळीच्या वेळी तयार करतं. पावसाने फार ओढ दिली तर तिकडची झाडंही अशीच वेळेआधी पान टाकतात. आपल्या पेठ-सुरगाण्याचा साग तर उजेडापेक्षा पाण्यावरच चालतो. उतारावरचा आधी बोडका, ओढ्याकाठचा मागाहून.

रंग किती दिवस टिकणार, हे वारा आणि पाऊस ठरवतात. देठाशी पडदा पुरा झाला की एक वादळी रात्र पुरते, सगळं झाड रिकामं. बर्फाचंही भय आहेच. २०१८ आणि २०१९ ला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच काश्मीरमध्ये मोठा बर्फ पडला. सफरचंदाची पानं अजून झाडावर होती, त्यांच्यावर बर्फ साचला आणि फांद्याच्या फांद्या मोडल्या. पोटच्या पोरासारखी वाढवलेली बाग अशी एका रात्रीत जाणं म्हणजे काय, ते तुला कळेल.

तेव्हा २७ ऑक्टोबरला निघू. पहलगाम उंचावर, तिथे रंग लवकर धरतो, म्हणून आधी तिकडे दोन दिवस आणि मग श्रीनगर. निशात बाग एकदा पुरे, पण नसीम बागेत मला सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा जायचंय, तिरप्या उन्हातले चिनार बघायचेत. एक-दोन दिवस मोकळे ठेवू, पावसात गेले तर हळहळ नको. वहिनींना सांग, वसुबारसेच्या आत घरी, फराळाला दोघेही हजर.

विमानाचं मी बघतो. आधार कार्डाचा फोटो तेवढा या आठवड्यात पाठव, आणि आईंना नमस्कार सांग.

तुझा,
विलास