बंडूच्या खांद्यावरचा हात

महाल, नागपूर
१२ मे

प्रिय पक्या,

दोन वर्षं झाली तुला पत्र लिहून. फोनवर 'कसा आहे बे', 'बरा आहे' इतकं होतं, पण त्याला काय बोलणं म्हणायचं? तब्येत ठीक आहे. शुगर होती तितकीच आहे. ऊन पंचेचाळीसला टेकलं, कूलरची खस कालच बदलली.

आपल्या बंडूच्या चिमीचं लग्न २९ तारखेचं. पत्रिका तुला मिळाली असेल, मीच पत्ता दिला होता. तिनं मला एक काम सांगितलं आणि तीन आठवडे झाले, मी त्यातच अडकून राहिलो आहे. दुकानातल्या पोराला ते काम दिसतं, पण त्यात काय आहे ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

ती दुकानात आली आणि स्टुलावर बसली, बंडू बसायचा तशीच, एक पाय वर घेऊन. म्हणाली, "काका, रिसेप्शनला पडद्यावर फिल्म लावाल ना, त्यात बाबा माझ्या बाजूला उभे पाहिजेत. फोटो नको. हलते पाहिजेत." मी लगेच हो म्हणालो. ती गेल्यावर डोकं धरून बसलो. हलता बंडू आपल्याकडे आहे कुठं? अर्ध्या नागपूरची लग्नं त्यानं टिपली आणि स्वतः जन्मभर कॅमेऱ्याच्या मागं राहिला. तो समोर आहे फक्त २००४च्या मारबतीच्या कॅसेटमध्ये. नेहरू पुतळ्याजवळ, मिरवणुकीतले काळी आणि पिवळी मारबतीचे पुतळे समोरासमोर यायच्या जरा आधी. कॅमेरा माझ्याकडे, बंडू 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडतो आणि मग कॅमेऱ्यात पाहून हसतो. अकरा सेकंद. अकरा सेकंदांच्या २७५ फ्रेमा, त्यातून बंडूला गर्दीपासून वेगळा काढायचा.

तुला वाटेल, आता तर हे सगळं आपोआप होतं. होतं, पण पुढ्यात चांगलं फुटेज असलं तर. आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१० पासून रोटो ब्रश आहे. माणसावर हिरवी रेघ मारायची, नको त्यावर ऑल्ट दाबून लाल रेघ मारायची, मग तो पुढच्या-मागच्या फ्रेमांमध्ये माणूस शोधत जातो. २०२० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, ती तर फार हुशार आहे. मी रेघ मारली, प्ले केलं, आणि बंडूच्या कडा अशा फडफडायला लागल्या जसं त्याला थंडी वाजून राहिली. काही फ्रेमांत तर मागच्या बडग्याचं, मिरवणुकीतल्या त्या पुतळ्याचं, नाक बंडूला चिकटलं. पोरगा म्हणाला, "काका, त्याला बंडूकाका आणि बडग्या एकच वाटून राहिले." बंडू असता तर एक प्लेट तर्री पोहे त्या पोराला नक्की खाऊ घातले असते.

आधी मी ब्रशला शिव्या दिल्या. मग शांतपणे एक-एक तपासलं. चिमीच्या प्री-वेडिंगच्या क्लिपा ३० फ्रेमच्या, म्हणून अख्खी कॉम्प, म्हणजे सगळ्या क्लिपा जिथं एकत्र जुळवतो ती, सेकंदाला ३० फ्रेमांची ठेवली होती. कॅसेट २५ ची. ब्रशला लेयर, म्हणजे आत टाकलेली क्लिप, आणि कॉम्पचा फ्रेम रेट एकच लागतो, नाही तर तो मधल्या नसलेल्या फ्रेमांवर माणूस शोधत बसतो. २५ ची वेगळी कॉम्प केली, फडफड निम्मी कमी झाली. पण कडांना कंगव्यासारखे दात राहिलेच. ते कशाचे हे तुला सांगायची गरज नाही, तूच मला पहिल्यांदा शिकवलं होतं. पाल कॅसेट, म्हणजे आपल्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीची, सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं, एक आड एक ओळींची. ज्यानं मला आधी फाइल करून दिली होती त्यानं दोन्ही अर्धी एकात दाबून एमपीफोर बनवली होती. ते दात आता चित्रातच भाजले गेले होते, ब्रश त्यांनाच कड समजत होता. मग गांधीबागेतल्या म्हाताऱ्याकडून त्याचा जुना डीव्ही कॅमेरा दोन दिवसांसाठी आणला, फायरवायरची केबल मिळवली, आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून कॅप्चर केली. टेप फिरायचा तो आवाज, पक्या! मी दिवा बंद करून ऐकत बसलो होतो.

या वेळी इंटरप्रिट फुटेजच्या सेटिंगमध्ये लोअर फील्ड फर्स्ट, म्हणजे खालच्या ओळींचं अर्धं चित्र आधी, असं लावलं आणि दात गेले. पण बंडू इतका बारीक कधी होता? त्या पोह्यांच्या माणसाची कंबर माझ्या पोरीसारखी! मग ध्यानात आलं, पिक्सेलचा आकार चौकोनी लागला होता. पालच्या डीव्हीचा पिक्सेल जरा रुंद असतो. तो बरोबर केला आणि बंडू परत आपल्या जाडीवर आला. मला खरंच बरं वाटलं, घरी माणूस आल्यासारखं.

पहिल्या फ्रेमपासून सुरुवात करायची सवय मी सोडली. पहिल्या फ्रेममध्ये तो अर्धा दुसऱ्याच्या मागं आहे. जिथं तो पूर्ण, मोकळा दिसतो, ती फ्रेम पाया धरली आणि तिथून दोन्ही बाजूंना जात दुरुस्ती केली. मधेच लांबच्या फ्रेमवर उडी मारून दुरुस्त केलं की मधलं सगळं तसंच बिघडलेलं राहतं. पिपाणीवाला पोरगा आडवा जातो तिथं क्लिप तोडली, आणि पलीकडे नवा पाया धरला. एका संध्याकाळी लाइन गेली. स्ट्रोक, म्हणजे मारलेल्या रेघा, वाचले, पण फ्रीझ करून निघालेल्या कडा साठवल्या नव्हत्या, म्हणून परत उघडल्यावर सगळ्या फ्रेमांचा हिशेब पहिल्यापासून. आता दर पन्नास फ्रेमांनी फ्रीझ करतो.

इतकं केलं आणि बंडू निघाला, एक जागा सोडून. डावा खांदा. तिथं तुझा हात आहे.

तू फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला, अर्धाच दिसतोस. पण हात पूर्ण त्याच्या खांद्यावर, मनगटात ते एचएमटी. बंडूचा सदरा पांढरा, तुझी बाही पांढरी, दोघांवर तोच गुलाल. शिवाय पाल डीव्हीत उजेड प्रत्येक ठिपक्याचा नोंदलेला असतो, रंग मात्र चार ठिपक्यांत एकदाच. त्यामुळं गुलालाची कड सगळीकडे पसरलेली. तुझी बाही कुठं संपते आणि त्याचा खांदा कुठं लागतो हे टेपमध्येच नाही, तर ब्रश शोधणार कुठून? लाल रेघ मारली की हाताबरोबर खांदा जायचा. हिरवी मारली की तू कोपरापर्यंत आत यायचास. दुसऱ्या सॉफ्टवेअरचा माणूस ओळखणारा मास्कही लावून पाहिला, त्यानं तुम्हा दोघांना मिळून एकच माणूस धरलं.

शेवटी पेन घेऊन हातानं मास्क काढायला बसलो. डोकं वेगळं, धड वेगळं, प्रत्येक दंड वेगळा, जुन्या लोकांसारखं. अमेरिकेत मॅक्स फ्लायशरनं १९१५ मध्ये रोटोस्कोपच्या पेटंटचा अर्ज केला, त्यातही काचेवर एक-एक फ्रेम टाकून माणूस गिरवायचा होता. मीही तेच करत होतो, फक्त कूलरसमोर. तर चिमी मागं येऊन उभी. किती वेळ पाहत होती कोण जाणे. म्हणाली, "काका, हा हात कोणाचा?"

मी उत्तर दिलं नाही. चहा सांगायला बाहेर गेलो.

तिला तू आठवत नाहीस, पक्या. तुम्ही बोलणं तोडलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. आणि हेच मला लिहायचं होतं, तीन आठवड्यांपासून नाही, खूप वर्षांपासून. कॅमेरा तिघांचा होता आणि बंडूनं तो तुला न विचारता विकला, हे खरं. तुला ते गिऱ्हाइकाकडून कळलं, हेही खरं. पण विकायला तो एकटा गेला नव्हता. मी बरोबर होतो. आईच्या ऑपरेशनला दुसऱ्या दिवशी पैसे भरायचे होते. "पक्याला तू सांग, माझ्यानं नाही होणार," असं तो मला बर्डीच्या पुलावर म्हणाला होता. मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू केलं, आणि तोवर तू दुकानात येऊन सगळ्यांसमोर त्याला चोर म्हणून गेलास. मी काउंटरमागं उभा होतो, तेव्हाही गप्प राहिलो. बंडू गेला तेव्हा तू आला नाहीस म्हणून मी तुझ्यावर रागावलो. तो राग तुझ्यावर काढायचा मला अधिकार नव्हता.

आता त्या हाताचं सांगतो. तो काढून टाकायचा, तर त्याखालचा सदरा मला २७५ फ्रेमांत नव्यानं रंगवावा लागेल, कारण तेवढा खांदा कॅमेऱ्यानं कधी पाहिलाच नाही. वेळ लागेल, पण होईल. नुसता हात ठेवायचा, तर मनगटापाशी तुटलेला हात दिसतो. रिसेप्शनला लोक घाबरतील. तिसरा रस्ता म्हणजे हात ठेवायचा आणि हाताबरोबर तू. अख्खा. त्याच कॅसेटमध्ये पुढं चाळीस फ्रेमा अशा आहेत जिथं तू पूर्ण दिसतोस, दात काढून हसतोस. त्या मी कालच काढून पाहिल्या, तुझ्या कडा पहिल्या फटक्यात निघाल्या. पण तुला न विचारता तुला बंडूच्या बाजूला उभं करायचं नाही. न विचारता एकदा झालं, तेवढं पुरे.

चिमीला मी अजून काही सांगितलेलं नाही. तू सांगशील तेच सांगीन. तू स्वतः येऊन सांगितलंस तर फार बरं. पुण्याहून रातची गाडी आहे, सकाळी उतरलास की मी स्टेशनवर असतो.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार. धाकट्याला नोकरी लागल्याचं समजलं, त्याला आशीर्वाद. नव्या घराचं काय झालं ते लिही.

रेंडर, म्हणजे शेवटची फिल्म बनवायला, २५ तारखेला लावायचं आहे, त्याआधी कळव. नाही म्हणालास तरी कळव, मी खांदा रंगवायला घेईन.

तुझा
विज्या

ता. क. कॅसेटच्या लेबलवर तुझंच अक्षर आहे. 'मारबत ०४, पुसू नये.' कॅमेरा म्हाताऱ्याला परत केला, कॅसेट माझ्याजवळ आहे.