नव्या शाखा मोजल्या, जुन्यांचा गल्ला कोणी पाहिला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अर्थपुरवणीत इलेक्ट्रॉनिक्स विक्रीसाखळ्यांच्या 'आक्रमक विस्तारा'वर पानभर लेख आला आहे. कष्ट घेतलेले दिसतात, नकाशाही सुरेख आहे. पण नवी दुकाने इतकी, एकूण विक्री इतकी वाढली, सबब धोरण यशस्वी, हा निकाल वाचून हात जोडले. जुन्या दुकानांचे काय झाले, हे विचारायचे राहूनच गेले.

हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल. १०० दुकाने, प्रत्येकाची वर्षाची विक्री १००, एकूण १०,०००. पुढच्या वर्षी २० नवी दुकाने उघडली, त्यांनी सरासरी ६० विकले आणि जुनी ९९ वर आली. एकूण ११,१००. तुमचा मथळा: '११ टक्क्यांची घोडदौड'. प्रत्यक्षात जुने दुकान टक्काभर घसरले आहे आणि भाडे, पगार, वीज मात्र १२० ठिकाणी भरायची आहे. शिवाय नव्या दुकानातले बरेचसे गिऱ्हाईक आपल्याच जवळच्या शाखेतून आलेले असते. म्हणून जाणकार आधी 'सेम स्टोअर' विक्री, म्हणजे फक्त जुन्या दुकानांची विक्री गेल्या वर्षापेक्षा किती वाढली की घटली, ते विचारतात. तीही जपून वाचावी लागते. नवे दुकान साधारण १२ ते १४ महिन्यांनी त्यात धरतात आणि बंद केलेले दुकान त्यातून गळते, त्यामुळे रडकी दुकाने मिटली की सरासरी आपोआप सुधारते.

लेखात सर्वांत खटकले ते 'मनुष्यबळावरील खर्चात कल्पक कपात' या उपशीर्षकाखालचे कौतुक. अनुभवी सेल्समन काढून कमी पगारात नवी मुले घेणे यात कल्पक काय आहे? हा प्रयोग अमेरिकेत सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्स विक्रीसाखळीने करून झाला आहे. या कंपनीने २००३ मध्ये विक्रीवरचे कमिशन बंद केले आणि कमिशनवाले सुमारे ३,९०० सेल्समन घरी पाठवले. मार्च २००७ मध्ये आणखी ३,४०० जणांना काढले. कारण काय, तर बाजारभावापेक्षा त्यांचा पगार जास्त! हवे तर १० आठवड्यांनी कमी पगारावर पुन्हा अर्ज करा, असेही सांगितले. पगाराचा आकडा खाली आला, पण दुकानात उत्तर देणारा माणूस उरला नाही. नोव्हेंबर २००८ च्या सुरुवातीला १५५ दुकाने बंद करत असल्याची घोषणा झाली आणि आठवडाभरात कंपनी दिवाळखोरीच्या अर्जासह न्यायालयात. जानेवारी २००९ मध्ये उरलेली ५६७ दुकानेही मोडीत काढायचे ठरले. मंदी होतीच, पण त्याच मंदीत तिची स्पर्धक साखळी बेस्ट बाय टिकली.

सेल्समनचे मोल कळायला नफा कुठे असतो ते पाहावे. टीव्ही किंवा लॅपटॉपवर मार्जिन जेमतेम असते. दुकान तगते ते ब्रॅकेट, केबल, साउंडबार, वाढीव वॉरंटी आणि बसवून देण्याच्या सेवेवर. जाणता माणूस आधी भिंत विटांची की जिप्समची ते विचारतो, मग टीव्हीचे वजन आणि मागच्या चार भोकांमधले अंतर पाहून ब्रॅकेट देतो. साउंडबारची एचडीएमआय केबल ईआर्कच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणाऱ्या पोर्टलाच लावायची, हे सांगतो. फोर के चित्र १२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १२० चित्रांच्या वेगाने, खेळायचे असेल तर सेकंदाला ४८ गिगाबिट वाहणारी केबल लागते, हेही त्याला ठाऊक असते. नवशिका हाताला येईल ते देतो. माल परत येतो, खोका फुटलेला असतो, तो नवा म्हणून विकता येत नाही. हे नुकसान पगाराच्या रकान्यात दिसत नाही, म्हणून कपात करणाऱ्यांना ती कल्पक वाटते.

उधारीबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. समजा, माल ४५ दिवसांत विकला जातो आणि पुरवठादाराचे पैसे ६० दिवसांनी द्यायचे आहेत. मधले १५ दिवस त्याच्या पैशांवर धंदा चालतो आणि दुकाने वाढली की ही रक्कमही फुगते. विस्तार स्वतःच्या पायावर चालल्यासारखा भासतो तो यामुळे. नव्या दुकानांत माल ७० दिवस पडून राहिला की तेच गणित उलटते, कारण आता १० दिवसांचे पैसे स्वतःच्या खिशातून घालावे लागतात. त्यात जुने मॉडेल पडून राहिले तर नवे येताच त्याची किंमत पाडावी लागते. पुरवठादारांना याची कुणकुण लागली की ते आगाऊ रोख मागतात, तीही नेमकी हंगामाच्या तोंडावर. ब्रिटनमधली कॉमेट ही साखळी २०१२ मध्ये २ पौंडांना विकली गेली, वर जुन्या मालकानेच ५ कोटी पौंड घातले. तरी पैसे बुडाले तर भरपाई देणारा विमा पुरवठादारांच्या उधारीला मिळेना आणि नोव्हेंबरात ती दिवाळखोरीत नेमलेल्या प्रशासकांच्या हाती गेली.

लेखाच्या मते 'मालाचा साठा न ठेवणारी अनुभव केंद्रे' हे म्हणे भविष्य आहे. गेटवे या संगणक कंपनीने तेच केले होते. दुकानात पाहा, हवा तसा संगणक नोंदवा, घरी जाऊन वाट पाहा. एप्रिल २००४ मध्ये उरलेली १८८ दुकाने तिने बंद केली. ॲपलचा दाखला इथे लागू पडत नाही. ॲपल स्वतःचा माल स्वतःच्या मार्जिनवर विकते. दहा कंपन्यांचा माल ठेवणाऱ्याला ती चैन नाही. त्याने बेस्ट बायकडे पाहावे. २०१२ नंतर तिने ऑनलाइन भावाशी बरोबरी केली, दुकानांतूनच घरपोच माल पाठवला आणि सॅमसंगसारख्या कंपन्यांना आत जागा दिली. हीच बेस्ट बाय चीनमध्ये आणि ब्रिटनमध्ये स्वतःच्या नावाची दुकाने थाटायला गेली आणि २०११ मध्ये दोन्हीकडे हात पोळून घेतले, हेही नकाशा काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

जाता जाता, त्याच पानावर 'टीव्ही कसा निवडाल?' ही चौकट आहे. दुकानात दोन टीव्ही शेजारी लावून ज्याचे चित्र उठावदार तो घ्या, असा सल्ला तिथे दिला आहे. अहो, दुकानातले टीव्ही 'स्टोअर मोड'वर असतात! उजेड आणि रंग कमाल पातळीवर, आणि बऱ्याच मॉडेलांत तुम्ही सेटिंग बदलले तरी काही मिनिटांत ते मूळ जागी जाते. वाचकांना सांगायचे तर हे सांगा: सेल्समनला 'होम मोड' लावायला सांगा, चित्र 'सिनेमा'वर आणा, हालचाल गुळगुळीत करणारी सुविधा बंद करा, आणि पेन ड्राइव्हमधून स्वतःची अंधाऱ्या दृश्याची चित्रफीत दोन्हींवर लावा. दुकानाची चित्रफीत नेमकी फुले आणि पोपटांचीच असते.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी. चौकट तेवढीच ठेवलीत तरी मजकूर मावेल.

आपला,
एक नियमित वाचक