टायरच्या बिलावर चार आकडे छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी देवगडचा टॅक्सीचालक. पाऊस तोंडावर आला की आमच्याकडे टायरच्या दुकानात गर्दी होते, म्हणून हे पत्र मे महिन्यातच लिहितो आहे.

गेल्या वर्षी मेमध्ये मी दोन 'नवे' टायर घेतले. एका टायरमागे सातशे रुपये कमी, म्हणून खूश होतो. दुकानदार म्हणाला, "फुडे नवे घाल, मागे जुने चलतत." घातले. जुलैत डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी एका आजींना कोल्हापूरला नेत होतो. फोंडा घाटात एका वळणावर गाडीचा मागचा भाग सरळ दरीकडे सरकला. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबलो. आजींनी एवढंच विचारलं, "पोचलंव काय रे?"

कोल्हापुरात ओळखीच्या मेकॅनिकने दोन्ही चुका दाखवल्या. दोनच टायर नवे असतील तर ते मागे घालायचे. ओल्या रस्त्यावर पुढच्या टायरांची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ बघते, वेग कमी केला की सावरता येते. मागच्यांची सुटली की गाडी गरकन फिरते, तिथे भल्याभल्यांचं चालत नाही. दुसरी चूक टायरच्या अंगावरच छापलेली होती. 'डीओटी' या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, माझ्या टायरवर होते ३४१९. म्हणजे २०१९ सालचा ३४वा आठवडा, ऑगस्ट महिना. माझा नवा टायर पावणेसहा वर्षांचा निघाला! दुकानात परत गेलो तर उत्तर मिळालं, "टायर म्हणजे काय दूध आहे नासायला?" नासत नाही, पण रबर कडक होत जातं आणि कडक रबर ओल्या डांबराला धरत नाही. सातशे रुपये का वाचले ते तेव्हा कळलं.

परदेशात बर्फासाठी वेगळे टायर असतात म्हणे. आमचे ऋतू दोनच, पाऊस आणि आंबा, आणि दोन्ही एकाच टायरवर काढायचे. आंब्याच्या दिवसांत पेट्यांनी गाडी दबलेली, सडा, म्हणजे कातळाचं पठार, तापलेला. हवा कमी असेल तर टायर गरम होऊन फुटतो. पावसात पकड यावी म्हणून हवा कमी करणारे मित्रही आहेत माझे. त्याने उलटंच होतं, टायर पाण्यावर तरंगायला लागतो. हवा सकाळी गाडी काढण्याआधी, टायर थंड असताना बघावी. नक्षीच्या खाचेत आडवे बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरली, कायद्याची हद्द तीच. मी मात्र तिथवर थांबत नाही, निम्मी नक्षी गेली की पावसाआधी टायर बदलतो. गिऱ्हाईक कमी असलेल्या वर्षी हे जड जातं, खोटं कशाला बोलू. सेकंडहँड टायर घेणाऱ्यांना मी हसत नाही, मीही घेतलेत. पण तेव्हासुद्धा ते चार आकडे वाचूनच घ्यावेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेवढ्याने जुना माल खपवायची सवय जाणार नाही. दुकानदारांनी बिलावर टायरच्या मापाशेजारी हे चार आकडे छापावेत, एवढी मागणी आपल्या पत्रातून पोचवावी. माझ्या बिलावर फक्त 'टायर नग २' असं लिहिलं होतं.

आपला,
एक टॅक्सीचालक, देवगड