गालाच्या पेशीतला ठिपका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खेळाडूंच्या लिंगचाचणीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. ‘पेशीत बार बॉडी दिसली की स्त्री, नाही दिसली की पुरुष’ हे त्यातले वाक्य मात्र मला गप्प बसू देईना. बार बॉडी म्हणजे पेशीच्या केंद्रकातला एक गडद ठिपका. मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते आणि निवृत्त होईपर्यंत हे ठिपके मोजत आले. शेजारी ताडून पाहायला स्लाइड हवी म्हणून बहुतेक वेळा माझाच गाल खरवडला जाई.

चपट्या लाकडी काडीने गालाची आतली बाजू खरवडायची, पहिला थर टाकून द्यायचा, दुसरा काचेवर पसरून ओला असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवायचा, मग रंग द्यायचा. सूक्ष्मदर्शकाच्या तेल लावून वापरायच्या (ऑइल इमर्शन) लेन्सखाली केंद्रक फिकट जांभळे दिसते आणि त्याच्या कडेला आतून टेकलेला, एका बाजूने चपटा, जेमतेम एक मायक्रॉनचा गडद ठिपका. स्त्रीच्याही सगळ्याच पेशींत तो सापडतो असे नाही. केंद्रकाच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला असला की ओळखूच येत नाही, म्हणून शंभर पेशी मोजून टक्केवारी काढायची. नवखी असताना मी एका पुरुषाच्या स्लाइडवर असे सात ठिपके मोजले होते. सरांनी फाइन फोकस हळूच फिरवला. ठिपका स्पष्ट दिसत होता तेव्हा केंद्रक धूसर होते. ‘बाई, हा आत नाही, वर बसलाय. जंतू आहे.’

हा ठिपका म्हणजे आखडून बसलेले एक एक्स गुणसूत्र (स्त्रीत बहुधा दोन एक्स असतात, पुरुषात एक एक्स आणि एक वाय). पेशीत जितके एक्स, त्यातून एक वजा केला की तितके ठिपके. क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेल्या, एक्सएक्सवाय गुणसूत्रांच्या पुरुषात तो दिसतो. टर्नर सिंड्रोममध्ये एकच एक्स असलेल्या स्त्रीत तो नसतो. तीन एक्स असलेल्या स्त्रीत दोन दिसतात. आपल्या लेखातला नियम लावला तर यातल्या पहिल्या दोघांचे काय करणार?

मुळात तो कुणाचे लिंग ठरवायला शोधलाच नव्हता. कॅनडात मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी युअर्ट बर्ट्रम मांजरांच्या चेतापेशी विद्युत-उद्दीपनाने कशा बदलतात ते पाहत होते. काही मांजरांत हा ठिपका दिसे, काहींत नाही. नोंदी काढून पाहिल्या तर दिसे तो माद्यांतच. १९४९ साली हे छापून आले. मादीच्या दोन एक्सपैकी एक बंद ठेवलेले असते ही कल्पना शास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये, उंदरांच्या अंगावरच्या रंगांच्या पट्ट्यांवरून मांडली. गंमत म्हणजे उंदीर-घुशींच्या पुष्कळ पेशींत क्रोमॅटिनच (गुणसूत्रांचे द्रव्य) इतके गुठळ्या-गुठळ्यांचे असते की हा एक ठिपका वेगळा काढणे कठीण. बार यांच्या हाती मांजर लागले हे आपले नशीब.

१९६८ च्या ऑलिम्पिकपासून हीच गालाची चाचणी महिला खेळाडूंवर लादली गेली. स्पेनची अडथळा-शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो १९८३ मध्ये हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत या चाचणीत उत्तीर्ण झाली, प्रमाणपत्रही मिळाले. १९८५ मध्ये जपानमधल्या कोबेला विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेला जाताना ते घरी विसरली, म्हणून पुन्हा तपासणी झाली, आणि या वेळी ठिपका नाही. तिची गुणसूत्रे एक्सवाय होती, पण पेशी पुरुषी संप्रेरकाला दादच देत नव्हत्या. म्हणजे त्या संप्रेरकाचा फायदा तिला नव्हता, आणि बाद मात्र तीच झाली. १९८८ मध्ये तिला पुन्हा खेळायची परवानगी मिळाली. इतके सगळे एका जांभळ्या ठिपक्यावरून!

आणखी एक. लेखासोबतच्या चित्रात केंद्रकाच्या मधोमध गोल ठिपका काढून त्याला ‘बार बॉडी’ म्हटले आहे. गालाच्या पेशीत तो कडेला असतो. मधला गोळा बहुधा केंद्रिका (न्यूक्लिओलस, केंद्रकातलाच दुसरा एक भाग) असावी. पुढच्या अंकात निदान चित्र तरी दुरुस्त करावे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ